ऊन मोजा, मग रोप आणा: उन्हाच्या आणि अर्ध्या सावलीच्या जागेसाठी झाडं कशी निवडायची

पुण्यात आम्ही तळमजल्याचं घर घेतलं ते भोवतीच्या मातीसाठी. इमारत चार मजली, आणि तिच्या उत्तर भिंतीला लागून अडीच मीटर रुंदीचा लांबट वाफा आमच्या वाट्याचा. राहायला आलो तो मे महिना होता. सकाळी खिडकी उघडली की वाफ्यात लख्ख ऊन. मी दुसऱ्याच रविवारी मोगऱ्याची सहा रोपं आणून लावली.

पावसाळ्यात ती छान फोफावली. पुढच्या मार्चमध्ये कळ्यांची वाट पाहिली, एप्रिलमध्ये पाहिली, आणि अख्ख्या उन्हाळ्यात मूठभर फुलं मिळाली. दुसरा उन्हाळाही तसाच गेला. खत बदललं, छाटणी केली, पाण्याचा ताण दिला. तिसऱ्या डिसेंबरात एका दुपारी वाफ्यापाशी उभी होते तेव्हा ध्यानात आलं, की दिवाळीच्या आधीपासून या मातीवर उन्हाची एक तिरीपही पडलेली नाही. मेमध्ये पाहिलेलं ऊन मी बारा महिन्यांचं धरून चालले होते. मोगरे मोठ्या कुंड्यांत काढून गच्चीवर नेले आणि त्याच उन्हाळ्यात ओंजळी भरून फुलं आली. त्या जुन्या वाफ्यात आता अबोली आहे, अळू आहे, हळद आहे, आणि सगळं आनंदात आहे.

नव्याने बाग करणाऱ्यांची बरीचशी रोपं निगा कमी पडल्याने जात नाहीत, चुकीच्या जागी लागल्याने जातात. ते टाळता येतं. मी ज्या क्रमाने हे शिकायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते आहे.

हाताशी काय हवं

- एक वही, आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा
- फरशीवर खुणा करायला खडू, मातीत रोवायला काटक्या
- दिशा पाहायला फोनमधलं होकायंत्र
- एक पांढरा कोरा कागद (कशासाठी ते पुढे येईल)
- खुरपं, छाटणीची कात्री, बारीक भोकांची झारी
- लाल माती किंवा पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), नीमपेंड
- दोन-तीन मीटर हिरवी शेडनेट, ५० टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी)

यातल्या शेवटच्या दोन ओळींचं सामान लगेच आणू नका. पहिली चार कामं वही आणि खडू यांच्यावरच होतात.

१. एक सुट्टीचा दिवस उन्हाला द्या

सकाळी ७ ते संध्याकाळी ६, दर तासाला बाहेर या आणि ऊन कुठवर आलंय ते खडूने आखा. शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी नकाशावर प्रत्येक कोपऱ्यात दोन गोष्टी मांडा: थेट ऊन एकूण किती तास पडलं, आणि ते सकाळचं होतं की दुपारचं. दुसरी नोंद लोक हटकून विसरतात. सकाळी ८ ते ११ चं तीन तासांचं ऊन आणि दुपारी १ ते ४ चं तीन तासांचं ऊन यांत रोपाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंदाजाने लिहू नका. "इथे दिवसभर ऊन असतं" असं ज्या जागेबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं, तिथे मोजल्यावर चार तास निघाले. जागा उजेडाची होती, पण उजेड म्हणजे ऊन नव्हे.

२. तेच मोजमाप डिसेंबरात पुन्हा करा

माझं चुकलं ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. त्यामुळे प्रत्येक वस्तूची दुपारची सावली तिच्या उंचीच्या नऊ-दशांश इतकी लांब, आणि सरळ उत्तरेला पडते. बारा मीटर उंचीच्या इमारतीची सावली जवळपास अकरा मीटर! दोन मीटरच्या कुंपणभिंतीचीही पावणेदोन मीटरच्या वर.

मेच्या मध्याला तोच सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्यात सूर्य दिवसभर किंचित उत्तरेच्याच बाजूला राहतो.

तुमच्या बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा:

उत्तरेच्या भिंतीलगत सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन नसतं. उन्हाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ चांगलं ऊन येतं. बरोबर उलट दक्षिणेला: हिवाळ्यात गॅलरीच्या आतपर्यंत ऊन, आणि मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत थेट ऊन जवळजवळ नाहीच. शेवंती, झेंडू, पिटुनिया, डायंथस यांसारखी हिवाळी फुलं दक्षिणेच्या गॅलरीत म्हणूनच सुंदर होतात.

पूर्वेला बारा महिने सकाळचं ऊन. माझ्या मते नवख्या माणसासाठी याहून चांगली बाजू नाही. पश्चिमेला बारा महिने दुपारनंतरचं ऊन, आणि तापलेली भिंत सूर्य मावळल्यावरही दोन-तीन तास उष्णता सोडत राहते. मार्च ते मे या बाजूला नाजूक पानांचं रोप टिकत नाही.

डिसेंबरपर्यंत थांबायला वेळ नसेल तर निदान एवढं करा: इमारत, भिंत किंवा टाकी तुमच्या वाफ्याच्या दक्षिणेला आहे का ते पाहा आणि उंचीवरून हिवाळ्यातल्या सावलीचा हिशेब आजच मांडा.

झाडांच्या सावलीचाही असाच घोळ असतो. आंबा, बकुळ यांची सावली वर्षभर दाट. गुलमोहर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होतो. पावसाळ्यात त्याच्याखाली गार सावली बघून कोणी नेचे लावले तर ऐन एप्रिलमध्ये ते उघडे पडतात.

३. तुमच्या जागेतलं ऊन कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

आपल्या भाषेत उन्हाला किती नावं आहेत पाहा: कोवळं, टळटळीत, उतरतं, तिरीप, कवडसा. बाग करताना हे शब्द फार कामाला येतात. नर्सरीतल्या चिठ्ठीवरच्या "अर्धी सावली" या दोन शब्दांत चार वेगळ्या जागा बसतात.

*भर ऊन:* सहा तास किंवा जास्त, त्यात दुपारचं धरून.

*सकाळच्या उन्हाची अर्धी सावली:* ११ पर्यंत तीन-चार तास कोवळं ऊन, नंतर सावली. "अर्धी सावली" लिहिलेलं जवळपास प्रत्येक रोप इथे खूश असतं.

*दुपारच्या उन्हाची अर्धी सावली:* तास तेवढेच, पण टळटळीत. इथे उन्हाच्या यादीतलीच काटक झाडं लावा. बहुतेकांची रोपं करपतात ती इथे, कारण वहीत दोन्हीकडे "चार तास" लिहिलेलं असतं.

*गाळीव ऊन:* झाडाच्या पानांतून किंवा जाळीतून येणारे, दिवसभर सरकणारे कवडसे.

*उजेडाची सावली:* थेट ऊन नाही, पण वर मोकळं आभाळ दिसतं.

आता तो कोरा कागद. दुपारी १२ च्या सुमारास तो रोपाच्या जागी ठेवा आणि वर एक फुटावर हात धरा. सावलीची बोटं सुरेख रेखीव दिसली तर भरपूर उजेड. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. सावली जेमतेम जाणवते, तर तिथे फुलझाडाचा विचार सोडून द्या.

४. भर उन्हासाठी

जास्वंद, गुलाब, मोगरा, बोगनवेल, कण्हेर, देवचाफा, सदाफुली, झेंडू, एक्झोरा, मधुमालती, गोकर्ण. लिंबू आणि कढीपत्ता. भाज्यांत मिरची, वांगं, टोमॅटो, भेंडी, गवार: ज्या भाजीचं फळ किंवा शेंग खायची, तिला भर ऊन हवंच.

जास्वंद तीन तासांच्या उन्हातही जगते, म्हणून फसायला होतं. पानं येतात, फुलं येत नाहीत, आणि दाटीत पिठ्या ढेकूण मात्र घर करतात. बोगनवेलीला तर ऊन आणि पाण्याचा थोडा ताण असं दोन्ही लागतं. चिनी गुलाबाला आपण ऑफिस टाइम म्हणतो कारण त्याची फुलं ऊन चढलं की उघडतात, आणि सावलीत ती मिटूनच राहतात.

घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर कण्हेर लावण्याआधी विचार करा. तिचे सगळे भाग विषारी आहेत.

पूर्ण ऊन म्हणजे आपलं ऊन, हेही लक्षात असू द्या. परदेशी बियाण्याच्या पाकिटावरची "पूर्ण ऊन" ही सूचना थंड देशातल्या मवाळ उन्हाला धरून लिहिलेली असते. तीच रोपं विदर्भ-मराठवाड्यातल्या मेच्या दुपारी उघड्यावर ठेवली तर वाचत नाहीत. तिथे मार्च ते जूनचा पहिला पाऊस या काळात गुलाबालाही दुपारी शेडनेट लागते.

५. अर्ध्या सावलीसाठी

मला ही जागा आता सगळ्यात प्रिय आहे, आणि लोक तिलाच "इथे काही येत नाही" म्हणून सोडून देतात.

गोव्यातलं किंवा दक्षिण कोकणातलं एखादं कुळागर पाहिलं असेल तर अर्ध्या सावलीत काय काय पिकतं हे वेगळं सांगायला नको. वर पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेली काळी मिरी आणि नागवेल, मधे केळी, जायफळ, खाली हळद, आलं, अननस. सगळं गाळीव उन्हात. आपल्याकडच्या पानमळ्यांतही नागवेलीसाठी आधी शेवगा, शेवरी, पांगारा लावून सावली तयार करतात. हे शहाणपण गॅलरीतही तसंच चालतं.

फुलांत पहिली पसंती अबोलीला. सकाळचं तीन तास ऊन मिळालं तरी ती वर्षातले बहुतेक महिने फुलते, आणि भर उन्हापेक्षा अशा जागी तिचा रंग जास्त टवटवीत राहतो असा माझा अनुभव आहे. मग कोरांटी, तगर, अनंत. अनंताला सकाळचं ऊन आणि किंचित आम्लधर्मी माती लागते, दुपारच्या उन्हात त्याच्या कळ्या न उमलताच गळतात. पावसाळ्यात तेरडा. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, ते रात्री फुलणारं निवडुंगाच्या कुळातलं झाड, त्याचीही हीच जागा; टळटळीत उन्हात त्याची पानं पिवळी पडून भाजतात.

खाण्याच्या झाडांत अळू, पुदिना, हळद, आलं, नागवेल, ओव्याचं झाड. पालक, मेथी, कोथिंबीर चार तासांवर बऱ्यापैकी येतात, उन्हाळ्यात तर दुपारच्या सावलीतच बऱ्या राहतात. अळूला कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर ठेवतात ते उगीच नाही: ओल आणि अर्धी सावली मिळाली की त्याला दुसरं काही लागत नाही. हळद मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये लावा, पावसाळाभर रुंद हिरवी पानं मिळतात (पातोळ्यांची सोय घरातच होते), आणि हिवाळ्यात पानं वाळली की कंद काढा. या पिकाचं सगळं वाढणं उन्हाळा-पावसाळ्यात होत असल्याने ते उत्तरेच्या वाफ्यात अचूक बसतं. मोगऱ्याचं गणित नेमकं इथेच चुकलं होतं: त्याला कळ्या धरायच्या आधी, जानेवारी ते मार्च, ऊन हवं असतं, आणि माझा वाफा तेव्हाच अंधारात होता.

पानांच्या रंगासाठी कोलियस, कॅलेडियम. क्रोटनला मात्र रंग धरायला ऊन लागतं. सावलीत तो जगतो, पण नवी पानं हिरवी येऊ लागतात.

तुळशीबद्दल बरेच जण विचारतात. तिला चार-पाच तास तरी ऊन द्या. अंगणातलं वृंदावन मोकळ्यावर असतं, ते तिच्या प्रकृतीलाही धरून आहे.

६. नुसत्या उजेडाच्या सावलीसाठी

नेचे, मनी प्लॅन्ट, सिंगोनियम, स्नेक प्लॅन्ट, पीस लिली, अरेका पाम. फुलांची अपेक्षा ठेवू नका आणि पाणी निम्मं करा.

७. आता नर्सरीत जा

पुण्याकडची बरीच रोपं सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपासच्या नर्सऱ्यांमधून येतात. वेळ असेल तर तिकडे एक सकाळ जरूर घालवा, निवड खूप मोठी आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन पाहिलंत तर हिवाळ्यात काय काय फुलू शकतं हे एका फेरीत समजतं.

जाताना वही न्या. विक्रेत्याला "हे सावलीत चालेल का?" असं विचारू नका, उत्तर हमखास "चालेल" येतं. त्याऐवजी सांगा: "सकाळी तीन तास ऊन आहे, दुपारनंतर नाही, हिवाळ्यात अजिबात नाही. याला फुलं येतील का?" जाणकार माणूस लगेच वेगळं रोप दाखवतो.

रोप कुठे ठेवलेलं आहे ते पाहा. उन्हाचं म्हणून विकलेलं झाड बहुतेक वेळा हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते तसं असणं वाईट नाही, पण पुढची पायरी मग चुकवता येत नाही. फुलांनी लगडलेलं रोप घेण्यापेक्षा बुटकं, बुंध्यातून फुटलेलं, नवी पालवी असलेलं घ्या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर सोडून द्या. आणि पहिल्या फेरीत पाचांपेक्षा जास्त रोपं घेऊ नका. मी बारा आणली होती, त्यातली सात पहिल्या उन्हाळ्यात गेली.

८. रोपाला उन्हाची सवय लावा

जाळीखालचं रोप थेट गच्चीवर ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

पहिले तीन दिवस पूर्ण उजेडाच्या सावलीत ठेवा. चौथ्या दिवसापासून दोन तास कोवळं ऊन. मग दर दोन दिवसांनी एक तास वाढवा. दहा-बारा दिवसांत रोप जागेवर जातं. एप्रिल-मेमध्ये हे काम शक्यतो काढूच नका. जमिनीत लावायचं तर जूनमधले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरचे दिवस उत्तम: आभाळ झाकलेलं, हवा दमट, मुळं पटकन धरतात.

९. माती आणि पाणी जागेप्रमाणे बदला

उन्हातल्या कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर नीमपेंड. सावलीतल्या कुंडीत कोकोपीट निम्मं करा आणि जाडसर वाळू घाला, कारण तिथे पाणी लवकर आटत नाही. सावलीतली झाडं तहानेपेक्षा मुळं कुजून जास्त मरतात. बोटाची दोन पेरं मातीत घाला; ओल लागली तर झारी परत ठेवा.

उन्हाळ्यात दुपारी पानं मान टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही मलूल दिसली तर खरी तहान. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

१०. वर्षभर रोपाकडे पाहत राहा

दोन पानांमधलं अंतर वाढतंय, फांदी एका बाजूला झुकतेय, पानं मोठी पण फिकट, कळ्या नाहीत: ऊन कमी. कडा करपतात, पानांवर वाळके डाग, रंग विटलेला, कळ्या वाळून गळतात: दुपारचं ऊन जास्त. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या झाडाला नुसती हिरवी पानं येऊ लागली की त्यालाही उजेड कमी पडतोय. हे ओळखण्याआधी खत घालू नका. सावलीत अडकलेल्या झाडाला खत दिलं की पानं आणखी लुसलुशीत होतात आणि मावा येतो.

शेवंती भर उन्हात असूनही फुलत नसेल तर रात्री बाहेर जाऊन बघा. तिला कळ्या धरायला लांब, अखंड अंधार लागतो. रस्त्यावरचा दिवा रात्रभर अंगावर असेल तर ती नुसती वाढत राहते.

पहिलं वर्ष शक्य तेवढं कुंड्यांत काढा, कुंडी हलवता येते. मी वहीत दोन तारखा लिहून ठेवल्या आहेत. २० सप्टेंबरच्या सुमारास उत्तरेकडच्या उन्हाच्या कुंड्या दक्षिणेला आणि गच्चीवर जातात. २० मार्चच्या सुमारास गच्चीवरच्या नाजूक कुंड्या पूर्वेला खाली येतात आणि पश्चिमेच्या कठड्यावर शेडनेट चढते. एक रविवार सकाळ पुरते. जड कुंड्यांखाली चाकांचा पाट ठेवला तर एकट्यानेही होतं.